जाकिटावर हिरवं पान, खिशाला भोक

आमच्या ट्रेकिंगच्या दुनियेत हल्ली एक नवं सोवळं आलं आहे. सॅक ‘रिसायकल्ड’ हवी, जाकीट ‘इको’ हवं, बूट ‘व्हीगन’ हवेत आणि पाण्याची बाटली अशी हवी, की तिच्याकडे पाहून हिमनद्यांनी वितळायचं थांबावं. हे सोवळं पाळायला एका सामान्य नोकरदाराचा महिन्याचा पगार लागतो. ज्याच्याकडे तो नाही, तो आपोआप पृथ्वीचा शत्रू ठरतो. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यातल्या एका टपरीवर, मी हे प्रवचन कानांनी ऐकलं आहे. एक तरुण आपल्या मित्राला समजावत होता, की तुझी ही नायलॉनची सॅक सस्टेनेबल नाही. मित्राची सॅक त्याच्या थोरल्या भावाची, दोन ठिकाणी शिवलेली आणि ठणठणीत. प्रवचनकाराची सॅक नवीकोरी. तिच्या बंदाला हिरव्या पानाचं पुठ्ठ्याचं लेबल अजून लोंबत होतं.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. ‘कमी पैशात नैतिक आणि पर्यावरणस्नेही सामान कसं निवडावं?’ हा प्रश्न हल्ली जो तो विचारतो. प्रश्न भाबडा आहे आणि तो दुकानदाराने आपल्या तोंडी घातलेला आहे. ‘निवडावं’ म्हटलं की खरेदी करायचीच हे ठरून जातं. उरतो तो फक्त रंग आणि ब्रँड. नीतीचा आणि खरेदीचा काही संबंध असलाच तर तो उलटा आहे. ज्याचा खिसा हलका, तो या बाबतीत आधीच चार पावलं पुढे आहे. त्याला हे कुणी सांगत नाही, कारण ते सांगण्यात कुणालाच कमिशन नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा काशीला जावं, विश्वनाथाच्या रांगेतून सुटका झाली की गंगा ओलांडावी आणि रामनगर गाठावं. आपल्याकडे ज्या अनंत चतुर्दशीला विसर्जनाचे डीजे छातीत धडधड भरवत असतात, त्याच दिवशी तिथे रामलीला सुरू होते. ती आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, एकतीस दिवसांनी संपते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, काशीनरेश उदितनारायण सिंहांच्या काळात, तिला आजचं रूप आलं. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्स आणि मशाली. आणि एका जागी बसून बघायची सोयही नाही. किल्ल्याजवळ अयोध्या, पुढे जनकपूर, आणखी कुठे पंचवटी, आणि गावाबाहेरच्या मैदानात लंका. प्रसंग बदलला की राम-लक्ष्मण चालायला लागतात, आणि त्यांच्यामागे हजारो माणसं चालायला लागतात. परतीचा पाऊस, चिखल, अंधार, गर्दी. महिनाभर, रोज संध्याकाळी.

यातल्या न चुकता येणाऱ्यांना तिथे ‘नेमी’ म्हणतात. नेमीचं सामान मी जवळून पाहिलं. धुतलेलं धोतर, कानामागे अत्तर, काखेत बसायला आसन, हातात काठी, रामचरितमानसाची छोटी पोथी आणि ती वाचायला टॉर्च. कित्येक जण अनवाणी. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या काठीच्या खालच्या टोकाला लोखंडी शेंबी होती. लाकूड हातात धरून धरून काळं आणि गुळगुळीत झालेलं. टॉर्चचं झाकण रबरबँडने आवळलेलं. त्यांचं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं आणि त्यांनी बनारसी थेटपणाने विचारलं, “कितने का पड़ा, भैया?” मी आकडा सांगितला. त्यांनी बूट नीट निरखला आणि दुसरा प्रश्न टाकला: “और फटेगा तो सियेगा कौन?”

फाटलं तर शिवणार कोण? नीतीवर व्याख्यानं झोडणाऱ्या एकाही ब्रँडच्या माहितीपत्रकात मला हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत भेटलेला नाही. तो विचारला की निम्मं दुकान उघडं पडतं. बाकीचं निम्मं उघडं पाडायला लेबलांवरचे दावे एकेक करून उलगडावे लागतात.

पहिला दावा, ‘बाटल्यांपासून बनवलेलं’. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिस्टर आहे, आणि त्यातलं जे पुनर्वापर केलेलं म्हणून विकलं जातं ते जवळजवळ सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून येतं. ऐकायला गोड वाटतं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, भंगारवाला त्यासाठीच ती गोळा करतो. तिचं एकदा जाकीट झालं की ते फाटल्यावर पुढे जातं कचऱ्यात, कारण कापड, चेन, बटणं, आतला थर हे सगळं वेगळं करून पुन्हा धागा काढणं आजही फार थोड्या ठिकाणी होतं. म्हणजे फिरणारं चक्र तोडायचं आणि वर पृथ्वी वाचवल्याचं प्रमाणपत्र लावायचं. शिवाय पॉलिस्टरच्या लवदार कापडाचं, म्हणजे फ्लीसचं, जाकीट धुतलं की त्यातून बारीक धागे सुटतात. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, तर एका धुण्यात सरासरी १.७ ग्रॅम. जुन्या जाकिटातून नव्यापेक्षाही जास्त सुटले. लगेच कुणीतरी म्हणेल, मग जुनं टाका, नवं घ्या. अहो, जाकीट काय रोज धुवायची वस्तू आहे? उन्हात टाका, झटका, आणि हंगाम संपल्यावर एकदा धुवा.

दुसरा दावा, ‘हानिकारक रसायनांपासून मुक्त’. पावसाचं पाणी कापडावरून मोत्यांसारखं घरंगळावं म्हणून वर्षानुवर्षं ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप दिला गेला, ती निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. ग्रीनपीसच्या पथकांना २०१५ मध्ये दुर्गम पर्वतांतल्या बर्फात आणि तळ्यांत त्यांचे अंश सापडले. ज्या शिखरांचे फोटो जाकिटाच्या जाहिरातीत, त्या शिखरांच्याच बर्फात जाकिटाचं विष. मग कॅलिफोर्नियाने २०२५ पासून आणि फ्रान्सने २०२६ पासून कपड्यांमधल्या या रसायनांवर बंदी आणली. कायद्याचा बडगा दिसल्यावर सुचलेलं शहाणपण आता छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं जातं आहे, आणि त्या बिल्ल्याचे पैसेही आपल्याकडूनच घेतले जात आहेत.

बरं, हे महागडं ‘श्वास घेणारं’ जाकीट आपल्या सह्याद्रीत करतं काय? घामाची वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत हरिश्चंद्रगडावर ढगात उभं राहिल्यावर बाहेर कोरडं असतं तरी काय? तासाभरात माणूस आतून घामाने तेवढाच भिजतो जेवढा तो बाहेरून पावसाने भिजला असता. आमचा धनगर याच पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे दिवसभर उभा असतो. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची ती घोंगडी भिजली तरी ऊब सोडत नाही. आज त्या जाड लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी फेकून द्यावी लागते, आणि आपण परदेशातल्या मेंढ्यांची ‘नैतिक’ लोकर ऑनलाइन मागवतो.

तिसरा दावा, ‘नैसर्गिक चामडं’, किंवा त्याच्या बरोबर उलटा, ‘व्हीगन’. या दाव्याची शहानिशा करायला रामनगरसारखी जागा नाही. किल्ल्याच्या भिंतीखालून जी गंगा वाहते ती कानपूरवरून आलेली असते, आणि कानपुरात जाजमऊचे चर्मोद्योग आहेत. तिथे कातडी कमावायला क्रोमियमचे क्षार वापरतात. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला, की जे कारखाने सांडपाण्यावर निदान प्राथमिक प्रक्रिया करणार नाहीत त्यांना टाळं लावा. त्या गोष्टीला साडेतीन दशकं उलटून गेली. जाजमऊचं सांडपाणी हा विषय अजून संपलेला नाही. तेव्हा ‘नैसर्गिक’ या बिरुदावर भाळण्याआधी कातडं कशात कमावलं ते विचारा. आणि ‘व्हीगन’वाल्यांनीही फार नाक वर करू नये. त्यांच्या बुटाचं वरचं कापड बहुतेक वेळा पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे शुद्ध प्लॅस्टिक असतं. जनावर वाचलं, माती मेली.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आपल्या दाराशी होतं. त्याच कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपल्याला तिची थोरवी कळायला जून २०२५ उजाडावा लागला, मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तसल्याच चपला चालवाव्या लागल्या. मग इथे अस्मितेचे फटाके फुटले. फटाके उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी कोल्हापूरच्या कारागिराकडून एक जोड घेतला, ते ज्याचं त्याने मनाशी मोजावं. (आणि हो, कोल्हापुरी घालून शेवाळलेल्या कातळावर चढू नका. अभिमान वेगळा, पकड वेगळी.)

चौथी गोष्ट म्हणजे दावा नाहीच, मौन आहे. जाकिटात भरलेली पिसं जिवंत बदकाची उपटलेली नाहीत, याची हमी देणारं मानक २०१४ पासून आहे. चांगली गोष्ट आहे, बदकाला दुखू नये. पण ते जाकीट शिवणाऱ्या बाईला किती मजुरी मिळाली, तिला लघवीला जायला सुट्टी मिळते का, हे सांगणारं लेबल शोधायला भिंग लागतं. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळलं. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत जायला लावलं. अकराशेहून अधिक माणसं मेली. आणि शेजारच्या देशाकडे बोट दाखवायची गरज नाही. आपल्या तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांनी गरीब मुलींना तीन वर्षं राबवून शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायची योजना चालवली आणि तिला नाव दिलं ‘सुमंगली’. लेबलावर पान असतं, बदक असतं, पर्वत असतो, माणूस नसतो.

माणसाचा विषय निघालाच आहे तर हिमालयात चला. तिथे मी असे मराठी ग्रूप पाहिले आहेत, की रात्री तंबूत बसून ‘एथिकल ब्रँड’ कोणता यावर तावातावाने बोलतात, आणि सकाळी सॅकमधलं निम्मं ओझं एका पोऱ्याच्या पाठीवर लादून निघतात. त्या पोऱ्याच्या पायात रबरी बूट, अंगात कुणीतरी टाकून दिलेला स्वेटर. दिवसाचा दर ठरवताना याच मंडळींची पन्नास रुपयांवरून घासाघीस चालते. पन्नास रुपये वाचवल्याचा आनंद रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो. नैतिक सामानाची सुरुवात तुमच्या अंगावरच्या कापडापासून होत नाही, तुमचं ओझं वाहणाऱ्याच्या अंगावरच्या कापडापासून होते.

आता कुणी म्हणेल, याला गरिबीचं कौतुक सुटलंय. तर तेही स्पष्ट करतो. रामनगरमध्येच लालबहादूर शास्त्रींचं घर आहे. आज तिथे त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. शास्त्रीजी लहानपणी उन्हाने तापलेल्या रस्त्यांवरून मैलोन् मैल अनवाणी शाळेत जात. ते त्यांचं व्रत नव्हतं, घरात पैसे नव्हते म्हणून पाय भाजत होते. त्या पोळलेल्या तळव्यांना ‘मिनिमलिझम’ म्हणून फ्रेममध्ये बसवणाऱ्या शहरी भोंदूंचा मला जाकीटवाल्यांपेक्षा जास्त राग येतो. नेमी अनवाणी चालतो तो सपाट गावात, श्रद्धेने आणि स्वतःच्या इच्छेने. तेच सुती धोतर नेसून कुणी रूपकुंडाला गेला तर परत येणार नाही; ओला सुती कपडा थंडीत जीव घेतो. जागेला साजेल ते वापरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्यातले बहुतेक जण रविवारी लोहगड करून संध्याकाळी घरी वरण-भात खातात. त्यांना एव्हरेस्टच्या तयारीचं सामान कशाला?

चालणाऱ्याला फार थोडं लागतं, हे चाललेल्यांनी सिद्ध केलेलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत पायी हिंडले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाईंनी १९५५ मध्ये तीन हजार किलोमीटरहून लांब अपालाचियन वाट एकटीने पूर्ण केली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आणि त्याच अमेरिकेत पॅटागोनिया कंपनीने २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली: हे जाकीट विकत घेऊ नका. कंपनी दुरुस्ती करून देते, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण त्यानंतर तिची विक्री वाढतच गेली. ‘घेऊ नका’ हेसुद्धा लोकांनी विकत घेतलं!

मग करायचं काय? खिसा हलका असेल तर पैसे एकाच ठिकाणी ओता, बुटाच्या तळव्यावर. कातळावर तोच जीव वाचवतो. नवा बूट घेतलात की पहिल्या ट्रेकआधी मोच्याकडे न्या आणि तळव्याला कडेने शिलाई मारून घ्या. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवणाऱ्यांचे तळवे गडाच्या अर्ध्या वाटेवर ‘आ’ वासतात आणि मग सुतळी बांधून उतरावं लागतं. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर मुंबई-कोकणच्या दमट हवेत आपोआप कुजतो, बूट कपाटात नुसता ठेवला तरी. म्हणून ‘सेलमध्ये स्वस्त मिळाला, ठेवून देऊ, दोन वर्षांनी वापरू’ हा शहाणपणा करू नका. एक जोड घ्या, वापरा, झिजवा.

पावसाला जाड पोंचो किंवा साधी छत्री. वारीच्या वाटेवर आणि बनारसकडच्या राजदरी-देवदरीच्या धबधब्यांपासून देवकुंडापर्यंत जागोजागी चिकटलेले ते पातळ, एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे कोट मात्र घेऊ नका; ते स्वस्त नाहीत, त्यांचं बिल डोंगर भरतो. थंडीला आईने विणलेला स्वेटर. तो नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात जा, एखादा जुना शोधा. सॅकची चेन बिघडली म्हणून सॅक टाकणाऱ्याला तर दंड करायला हवा. दहात नऊ वेळा नुसता रनर बदलावा लागतो, आणि ते काम बॅगवाला पाच मिनिटांत करतो. पट्टा उसवला तर दुहेरी टीप. कापड फाटलं तर ठिगळ, आणि ठिगळाची लाज वाटत असेल तर डोंगर आपल्यासाठी नाहीत.

तंबू, स्लीपिंग बॅग, दोर या वस्तू तर एकट्याने विकत घ्यायच्याच नाहीत. वर्षातले तीनशे पन्नास दिवस त्या माळ्यावर झोपलेल्या असतात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकायला गेलेल्याला सॅकपासून आइस अॅक्सपर्यंत सगळं संस्थेच्या कोठारातून मिळतं आणि कोर्स संपला की परत द्यावं लागतं. एकेक वस्तू किती पायांची आणि पाठींची सेवा करून निवृत्त होते, ते तिथे बघावं. आपल्या महाराष्ट्रात गल्लोगल्ली ट्रेकिंग ग्रूप आहेत. प्रत्येकाचा टी-शर्ट आहे, लोगो आहे, ढोलताशा पथकासारखी ईर्ष्या आहे. सामानाचं सामायिक कोठार किती जणांकडे आहे? दर वर्षी छापून वाटलेले आणि दुसऱ्या वर्षी गाडी पुसायला गेलेले ते पॉलिस्टरचे टी-शर्ट बंद केले, तरी त्या पैशात दोन-चार तंबू उभे राहतील.

दिवाळीचे सेल लागतीलच. हिरवी पानं पुन्हा फोनच्या पडद्यावर लोंबू लागतील. त्याआधी माळ्यावर चढा. जुनी सॅक काढा, उन्हात टाका, रनर बदला, बुटाला शिलाई मारा. जे नाही ते मित्राकडून उसनं आणा आणि वेळेवर, धुऊन परत करा. एवढं केल्यावर हातात पैसे उरतीलच. ते पुढच्या हिमालयवारीत तुमचं ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीत घाला, घासाघीस न करता. याहून स्वस्त आणि याहून नैतिक सामान कोणत्याही दुकानात मिळत नाही.